रक्तातली फॅटी ॲसिड आणि हार्ट फेल्युअर: कोकणातल्या ताटापासून रिपोर्टपर्यंत

लिपिड प्रोफाइलचा रिपोर्ट आला की नजर आधी एकूण कोलेस्टेरॉलवर जाते, मग एलडीएलवर, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉलवर. आकडे हद्दीत दिसले की कागद फायलीत जातो. पण त्या कागदावर रक्तात चरबी किती आहे एवढंच असतं. ती कशाची बनली आहे, म्हणजे तिच्यात कोणती फॅटी ॲसिड किती आहेत, हे त्यात नसतं. हार्ट फेल्युअरच्या धोक्याचा विचार करताना हा दुसरा प्रश्नही महत्त्वाचा ठरतो. कोकण किनाऱ्यावर राहणाऱ्याला त्याचं उत्तर सुधारण्याची सोय मासळी बाजारातल्या सर्वांत स्वस्त टोपलीत मिळते.

‘आमच्याकडे रोज मासे असतात, आम्हाला काय काळजी’ हा समज किनाऱ्यावर घट्ट बसलेला आहे. तो अर्धाच खरा आहे. कोणता मासा, कोणत्या महिन्यातला आणि कसा शिजवलेला, यावर रक्तात काय उतरतं ते ठरतं. त्याच ताटात खारवलेली मासळी, कोकमाच्या खारट आगळाची सोलकढी आणि लोणचं असेल, तर माशातून मिळालेला फायदा मीठ खाऊन टाकतं.

आधी आजार नीट समजून घेऊ. हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणं नव्हे आणि हार्ट अटॅकही नव्हे. शरीराला लागेल तितकं रक्त हृदय पुढे ढकलू शकत नाही किंवा ते नीट भरून घेऊ शकत नाही, अशी ती अवस्था. घरात बोलताना आपण ‘पंपिंग कमी झालंय’ म्हणतो. २डी इकोमध्ये इजेक्शन फ्रॅक्शन, म्हणजे भरलेल्या रक्तापैकी दर ठोक्याला हृदय बाहेर ढकलतं तो वाटा, ४० टक्के किंवा त्याखाली असेल तर पंपिंग कमी. ५० च्या वर असूनही धाप आणि सूज असलेले रुग्ण पुष्कळ असतात. त्यांचं हृदय आकुंचन पावतं चांगलं, पण ताठर झाल्यामुळे सैल पडत नाही. म्हणून ‘पंपिंग नॉर्मल आहे’ या एका वाक्यावर निर्धास्त होऊ नये.

फॅटी ॲसिड हृदयात काय करतात

निरोगी हृदय आपल्या कामाला लागणारी साधारण ६० ते ७० टक्के ऊर्जा फॅटी ॲसिड जाळून मिळवतं. म्हणजे चरबी हे हृदयाचं मुख्य इंधनच आहे. पण फॅटी ॲसिड नुसती जळत नाहीत. ती पेशींच्या आवरणात जाऊन बसतात, आणि तिथे कोण बसलंय यावर पेशीचं वागणं बदलतं. ईपीए आणि डीएचए ही माशाच्या तेलातली दोन ओमेगा-३ फॅटी ॲसिड आवरणात असली की दाह कमी राहतो, ट्रायग्लिसराइड ही रक्तातली चरबी उतरते आणि रक्तदाबही थोडा खाली येतो. उलट पामिटिकसारखी सॅच्युरेटेड ॲसिड रक्तात जास्त असणं चांगलं लक्षण नाही. यातलं बरंचसं पामिटिक आपण तेला-तुपातून खाल्लेलं नसतं. जास्तीचा भात, साखर आणि दारू यांपासून यकृत ते स्वतः तयार करतं.

पुरावा कितपत आहे? अमेरिकेतल्या मेसा या अभ्यासात ४५ ते ८४ वयाच्या ६,५०० हून अधिक लोकांच्या रक्तातलं ईपीए मोजून त्यांच्यावर साधारण १३ वर्षं लक्ष ठेवलं गेलं. तेवढ्या काळात २९२ जणांना हार्ट फेल्युअर झालं. ज्यांच्या रक्तात ईपीए जास्त होतं त्यांच्यात ते कमी आढळलं, पंपिंग कमी असलेल्या प्रकारातही आणि ताठर हृदयाच्या प्रकारातही. संशोधकांनी प्लाझ्मातल्या, म्हणजे पेशी वगळून उरणाऱ्या रक्तातल्या पातळ भागातल्या, एकूण फॅटी ॲसिडपैकी ईपीए १ टक्क्याखाली म्हणजे अपुरं, १ ते २.५ म्हणजे काठावर आणि २.५ च्या वर म्हणजे पुरेसं, अशी पट्टी वापरली. या अभ्यासात गोरे, कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक आणि चिनी वंशाचे अमेरिकन होते, भारतीय वंशाचे नव्हते. म्हणून ही पट्टी आपल्याला दिशा म्हणून वापरायची आहे, दगडावरची रेघ म्हणून नाही.

दुसरी गोष्ट इथल्या स्वयंपाकघराला थेट लागू पडते. ६५ वर्षांवरच्या अमेरिकन लोकांच्या एका दीर्घ अभ्यासाचे निष्कर्ष २००५ साली आले. भाजलेला किंवा ओव्हनमधला मासा खाणाऱ्यांत हार्ट फेल्युअर कमी होतं, आणि तळलेला मासा खाणाऱ्यांत ते जास्त होतं. दोघेही मासेच खात होते.

असे अभ्यास संबंध दाखवतात, कारण सिद्ध करत नाहीत. ईपीए जास्त असलेला माणूस इतर बाबतीतही निरोगी राहत असू शकतो. औषध म्हणून दिलं तर काय होतं, याचं उत्तर २००८ साली इटलीतल्या गिस्सी-एचएफ चाचणीने दिलं. हार्ट फेल्युअरच्या जवळजवळ ७,००० रुग्णांना साधारण चार वर्षं रोज १ ग्रॅमची ओमेगा-३ गोळी किंवा तशीच दिसणारी रिकामी गोळी दिली. मृत्यूचं प्रमाण अनुक्रमे २७ आणि २९ टक्के निघालं. फायदा खरा, पण माफक. ओमेगा-३ ही जोडीची मदत आहे. बीपी, साखर आणि हृदयाच्या गोळ्या यांची जागा ती घेत नाही, आणि बीपी १७० असताना ओमेगा-३ चा कुठलाही आकडा हृदयाला वाचवणार नाही.

पहिली पायरी: कोणती तपासणी, कुणी, कशी

धाप लागत असेल, पायाला सूज असेल, आडवं पडल्यावर गुदमरत असेल तर फॅटी ॲसिडची तपासणी करत बसू नका. तिथे ईसीजी, २डी इको आणि एनटी-प्रोबीएनपी ही रक्ततपासणी लागते. एनटी-प्रोबीएनपी १२५ पिकोग्रॅम प्रति मिलिलीटरच्या खाली असेल तर दीर्घकालीन हार्ट फेल्युअरची शक्यता बरीच कमी होते. वजन फार जास्त असलेल्यांत हा आकडा फसवा कमी येतो, हे डॉक्टरांच्या लक्षात आणून द्यायला हरकत नाही.

लक्षणं नाहीत, पण मधुमेह आहे, बीपी आहे, आधी अटॅक येऊन गेलाय किंवा ट्रायग्लिसराइड वाढलेले आहेत, अशांनी आधी साधी लिपिड प्रोफाइल करावी. ट्रायग्लिसराइड १५० मिलिग्रॅमच्या खाली हवेत. नमुना १०-१२ तास उपाशीपोटी द्या आणि आदल्या रात्री दारू किंवा जड जेवण नको, नाहीतर आकडा फुगतो. ५०० च्या वर गेलेले ट्रायग्लिसराइड स्वादुपिंडाला सूज आणू शकतात. तो आकडा घेऊन घरगुती उपाय करायचे नसतात, डॉक्टर गाठायचा असतो.

फॅटी ॲसिडची खास तपासणी गॅस क्रोमॅटोग्राफीवर होते. तालुक्याच्या लॅबमध्ये ते यंत्र नसतं, नमुना तिथे घेऊन मोठ्या शहरात पाठवला जातो. रक्त देण्याआधी लॅबवाल्याला दोन प्रश्न विचारा. पहिला: मोजणी लाल पेशींत होणार की प्लाझ्मात? प्लाझ्मातला आकडा गेल्या काही दिवसांचं जेवण दाखवतो. काल रात्री तारल्या खाल्ल्या असतील तर तो चांगला दिसेल. लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात, म्हणून त्यांच्या आवरणातला आकडा गेल्या तीन-चार महिन्यांची सरासरी सांगतो, मधुमेहातल्या एचबीए१सी सारखा. दुसरा प्रश्न: नमुना किती वेळात आणि थंड ठेवून पोचणार का? ईपीए आणि डीएचए हवा आणि उष्णतेने लवकर खराब होतात. शनिवारी दुपारी दिलेला नमुना रविवारभर पडून राहिला तर आकडा खोटा कमी येऊ शकतो. सोमवार ते बुधवार सकाळी रक्त द्यावं हे बरं.

लाल पेशींतल्या ईपीए आणि डीएचएच्या बेरजेला ओमेगा-३ इंडेक्स म्हणतात. तो ८ टक्क्यांच्या वर चांगला, ४ च्या खाली वाईट. ही पट्टी वेगळी आणि वर सांगितलेली प्लाझ्मातल्या ईपीएची पट्टी वेगळी. एका रिपोर्टमधला ३ दुसऱ्या रिपोर्टमधल्या ३ शी ताडून पाहण्याची चूक फार होते. प्लाझ्मात ईपीए ३ टक्के म्हणजे उत्तम, आणि ओमेगा-३ इंडेक्स ३ म्हणजे काळजीचं.

तपासणी सगळ्यांनी करायलाच हवी असं मुळीच नाही. आठवड्यात किती वेळा बांगडा किंवा तारली ताटात येते, हे प्रामाणिकपणे महिनाभर वहीत लिहिलं तर बहुतेकांना आपला अंदाज त्या वहीतच मिळतो. पैसे हातात असतील तर आधी बीपीचं चांगलं मशीन घ्यावं.

दुसरी पायरी: बाजारात काय घ्यायचं

पाहुणे आले की पापलेट, सुरमई, घरच्यासाठी बांगडा. किनाऱ्यावरची ही मानाची उतरंड हृदयाच्या हिशेबात उलटी आहे. तारली, पेडवे आणि बांगडा हे तेलकट मासे आहेत, आणि ईपीए-डीएचए माशाच्या तेलातच असतं. ओल्या बोंबलाचं मांस बहुतेक पाणीच, त्यात तेल अगदी थोडं. मांदेली, मुडदुशी, कोळंबी, तिसऱ्या हे प्रथिनांसाठी उत्तम, पण ओमेगा-३ साठी त्यांच्यावर विसंबून चालत नाही. हर्णैच्या किनाऱ्यावर लिलाव पाहा, रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर जा, मालवणात सकाळी रापण ओढली जाते तिथे उभे राहा: तारलीची पाटी सगळ्यांत कमी भावात जाते.

पण तारलीतही महिना बघावा लागतो. पावसाळ्यानंतर, साधारण सप्टेंबरअखेर ते डिसेंबर, तारली चरबीने भरलेली असते. तव्यावर टाकली की स्वतःच्याच तेलात चुरचुरते. उन्हाळ्याच्या शेवटी तीच तारली कोरडी लागते, कारण तेल उतरलेलं असतं. एकाच माशात चरबीचं प्रमाण हंगामानुसार कित्येक पटींनी बदलतं. म्हणून ‘शंभर ग्रॅम तारलीत इतकं ओमेगा-३’ असा एकच आकडा छापलेला दिसला तर त्याला फार चिकटू नका. दिवाळीच्या मागे-पुढे आठवड्यातून दोनदा पुरेल ते मे महिन्यात तीनदा खावं, असा साधा हिशेब ठेवा.

एका वेळचं प्रमाण म्हणजे शिजल्यावर साधारण १०० ग्रॅम खाण्याजोगं मांस. अख्खे वजन करून प्रत्येकी दीडशे ग्रॅमच्या आसपास भरणारे दोन बांगडे किंवा मध्यम आकाराच्या ७-८ तारल्या एका माणसाला पुरतात. डोकं, आतडं, काटा गेल्यावर निम्म्याहून थोडं अधिक उरतं. साफ करताना पोटाकडची पातळ मऊ पट्टी कापून टाकायला देऊ नका. पाठीपेक्षा तेल तिथे, कातडीखाली आणि मधल्या गडद तांबूस मांसात जास्त असतं. बऱ्याच घरांत मुलांसाठी पाठीचं पांढरं मांस काढतात आणि हे तांबूस मांस मांजरीला जातं.

ताजेपणाचा प्रश्न बांगड्यात नुसता चवीचा राहत नाही. बर्फाविना उन्हात पडलेल्या बांगड्यात जिवाणू हिस्टामाइन तयार करतात, आणि ते शिजवून जात नाही. असा मासा खाल्ल्यावर अर्ध्या-एक तासात तोंड लाल होतं, अंग खाजतं, डोकं ठणकतं, छाती धडधडते. हृदयरुग्णाला ही धडधड परवडणारी नसते. डोळा भरलेला आणि चकचकीत, कल्ले लालभडक, पोट दाबल्यावर घट्ट, हे तिन्ही जुळलं तरच घ्या. बाजार घरापासून तासाभराच्या अंतरावर असेल तर थर्माकोलच्या डब्यात बर्फ घालूनच आणा.

युरिक ॲसिड वाढलेलं असेल किंवा गाऊट असेल तर तारली जपून. तारलीत प्युरीन बरंच असतं, आणि हार्ट फेल्युअरमध्ये दिली जाणारी पाण्याची (लघवी वाढवणारी) गोळी युरिक ॲसिड आणखी वाढवते. अंगठा सुजला की लोक दुकानातून दुखण्यावरची गोळी आणून घेतात, आणि त्या गोळ्यांतल्या अनेक शरीरात पाणी साठवतात. अशा रुग्णाने डॉक्टरांना विचारून बांगड्यावर, तोही कमी प्रमाणात, राहावं. मोरी आणि फार मोठी सुरमई यांत पारा साठण्याची शक्यता असते. गरोदर बाईने आणि लहान मुलांनी ते टाळावेत. बांगडा, तारली लहान आणि अल्पायुषी, त्यांत तो धोका कमी.

तिसरी पायरी: चुलीवर

खोल तेलात तळलं की माशाचं तेल कढईत उतरतं आणि कढईतलं माशात शिरतं. वरून रव्याचा जाड थर असेल तर तो तेल स्पंजासारखं धरतो. तेच तेल संध्याकाळी पुन्हा तापलं तर आणखी वाईट. तळलेलं कधीच नको असं नाही, पण आठवड्यातल्या ज्या दोन-तीन वेळा आपण औषधासारख्या मोजतोय त्या तळलेल्या नकोत.

तारली पानातली करून पाहा. ८ तारल्यांना पाव चमचा हळद, एक चमचा मिरचीपूड, आलं-लसणाचं वाटण, दोन आमसुलं भिजवून कुस्करलेली आणि मोजून पाव चहाचा चमचा मीठ. वरून तेल नाही. केळीचं पान आचेवर मऊ करून त्यात एका थरात गुंडाळा, जाड तव्यावर झाकण ठेवून मंद आचेवर एका बाजूने ६-७ मिनिटं, उलटून तितकीच. पान काळपट झालं आणि काट्यापासून मांस सुटलं की झालं. आच मोठी ठेवली तर पान जळतं, आतला रस बाहेर येऊन तव्यावर करपतो आणि नेमकं तेलच वाया जातं. पानात साठलेला रस भाताबरोबर खावा.

बांगड्याचं तिरफळ घातलेलं तिखलं हाही चांगला मार्ग आहे, कारण माशातून सुटलेलं तेल रश्शातच राहतं. रस्सा मात्र ताटात टाकून उठू नये. तिरफळं ठेचून शेवटी घाला, बिया काढून. आंबटाला आमसूल पुरतं.

आता नारळ. खोबरेल तेलातलं जवळपास ९० टक्के फॅटी ॲसिड सॅच्युरेटेड असतं, आणि ते एलडीएल वाढवतं. पण नारळाचं वाटण आणि खोबरेल तेल एका पारड्यात तोलू नये. अर्ध्या मध्यम नारळाचं वाटण चार माणसांच्या आमटीत गेलं तर माणशी साधारण १० ग्रॅम सॅच्युरेटेड चरबी होते. २,००० कॅलरीच्या आहारात तिची मर्यादा २२ ग्रॅमच्या आसपास धरतात. म्हणजे एका वेळी वाटणाचं कालवण बसतं. दुपारी कालवण, सोबत नारळाच्या दुधाची सोलकढी आणि रात्री पुन्हा उसळीला वाटण, असं झालं की दिवसाची हद्द ओलांडली. हृदयरुग्णाच्या घरात नारळ दिवसातून एकाच वेळी, आणि रोजच्या फोडणीला शेंगदाणा, मोहरी किंवा राइस ब्रान, माणशी महिन्याला अर्धा लीटरच्या आत, एवढं जमलं तरी खूप.

वनस्पती तुपाबद्दल थोडक्यात: भारतात जानेवारी २०२२ पासून तेल-तुपात ट्रान्स फॅट २ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. तरी सुट्या खारी-नानकटाईच्या पाकिटावर काही छापलेलंच नसतं. ती रोज चहात बुडवून खाणं थांबवावं.

भाताचं प्रमाण हा कोकणातला अवघड विषय. दोन्ही वेळा ताट भरून भात आणि वर गोड चहा असेल तर यकृत पामिटिक ॲसिड बनवत राहतं, ट्रायग्लिसराइड चढतात, आणि माशाने केलेलं काम अर्धवट राहतं. रात्रीचा भात एका वाटीवर आणून त्या जागी नाचणीची भाकरी आणि पालेभाजी घेतली तर दोन-तीन महिन्यांत ट्रायग्लिसराइडच्या आकड्यात फरक दिसू शकतो. दारू हृदयाच्या स्नायूलाच इजा करते. पंपिंग कमी झालेल्याने ती पूर्ण सोडायची, माडी-ताडीसकट.

पावसाळ्याचे दोन महिने

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. ताजा बांगडा दिसत नाही आणि घराघरांत सुकी मासळी निघते. हार्ट फेल्युअरच्या रुग्णाला वर्षातला सर्वांत अवघड काळ हाच. खारवलेल्या बांगड्याच्या एका तुकड्यात दिवसभराच्या मिठाचा मोठा वाटा असतो. मीठ पाणी धरून ठेवतं, दोन-तीन दिवसांत पाय सुजतात, रात्री उशी वाढवावी लागते.

सगळी सुकी मासळी सारखी नसते. दोरीवर लटकवून नुसत्या उन्हात वाळवलेले बोंबील आणि बिनमिठाचा जवळा त्यातल्या त्यात बरे. घेताना ‘मिठातला की उन्हातला’ असं विचारा आणि बोटावर घेऊन चाटून बघा. खारा मासा घरात आलाच असेल तर कोमट पाण्यात अर्धा तास, पाणी बदलून पुन्हा अर्धा तास भिजवा, आणि कालवणात वरून मीठ घालू नका. याने थोडं मीठ जातं, सगळं नाही. आणि सुक्या मासळीतून ओमेगा-३ मिळेल ही आशा ठेवू नका. उन्हात वाळताना त्यातलं बरंचसं खवट होऊन जातं.

मे महिन्यात बांगडे साफ करून फ्रीजरमध्ये भरून ठेवण्याची पद्धत बऱ्याच घरांत आहे. शून्याखाली १८ अंशांवर ते दोन-तीन महिने चांगले राहतात. पण पावसात वीज तासन्‌तास जाते, मासा अर्धा वितळतो, पुन्हा गोठतो. फ्रीजरमध्ये एका वाटीत पाणी गोठवून वर एक नाणं ठेवा. नाणं बर्फात खाली गेलेलं दिसलं की समजा मध्ये सगळं वितळलं होतं, आणि ते बांगडे टाकून द्या.

दोन महिने मासा कमी झाला म्हणून घाबरायचं कारण नाही. लाल पेशी जुना साठा हळूहळूच सोडतात. फक्त ऑगस्टमधला रिपोर्ट डिसेंबरमधल्याशी ताडून ‘सुधारलं’ किंवा ‘बिघडलं’ म्हणू नका. तपासणी दर वर्षी एकाच महिन्यात करा.

शाकाहारी माणसासाठी जवस. अख्खं जवस तसंच बाहेर पडतं, म्हणून हलकं भाजून कुटून रोज एक मोठा चमचा घ्यावं. चटणी आठवड्यापुरतीच करावी, घट्ट झाकणाच्या बरणीत फ्रीजमध्ये ठेवावी आणि मीठ अगदी कमी. जवसातलं ओमेगा-३ वेगळ्या प्रकारचं असतं. शरीर त्यातलं थोडंच ईपीएत बदलतं आणि डीएचए तर त्याहून कमी. रिपोर्टमध्ये ईपीए फारच कमी असेल तर शेवाळापासून बनवलेल्या ईपीए-डीएचएच्या कॅप्सूल मिळतात, त्या डॉक्टरांना विचारून.

मीठ आणि शहाळं

निरोगी माणसालाही दिवसाला ५ ग्रॅम मीठ, म्हणजे सपाट चहाचा एक चमचा, याच्या वर नको. हार्ट फेल्युअरमध्ये डॉक्टर आणखी कमी सांगू शकतात. घरात हे मोजायची पद्धत सोपी आहे: सकाळी रुग्णाच्या वाट्याचं मीठ एका छोट्या डबीत काढून ठेवा आणि त्याचं सगळं जेवण त्यातूनच करा. कोकमाचं आगळ टिकवायला भरपूर मीठ घातलेलं असतं, त्याची सोलकढी डबीच्या हिशेबात बसत नाही. बिनमिठाची आमसुलं तासभर भिजवून कोळ काढा. सांडगी मिरची, पापड, लोणचं या तिन्हींतलं एकही नको.

मीठ कमी करायला म्हणून ‘लो सोडियम’ मीठ आणू नका. त्यात पोटॅशियम असतं. शहाळ्याच्या पाण्यातही पोटॅशियम पुष्कळ, एका पेल्यात ५०० मिलिग्रॅमच्या आसपास असू शकतं. रुग्ण स्पायरोनोलॅक्टोन किंवा रॅमिप्रिलसारख्या गोळ्यांवर असेल तर पोटॅशियम आधीच वर असू शकतं, आणि ते फार वाढलं की हृदयाचा ठोका बिघडतो. आजाऱ्याला भेटायला येताना शहाळी आणण्याची रीत मायेची आहे. अशा रुग्णाच्या घरी मात्र डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय ती फोडू नयेत.

कॅप्सूल घ्यायची की नाही

‘फिश ऑइल १००० मिलिग्रॅम’ हे डबीवरचं मोठं अक्षर तेलाचं वजन सांगतं. मागच्या बाजूला बारीक अक्षरात ईपीए १८० आणि डीएचए १२० असं दिसेल, म्हणजे उपयोगाचं ३०० मिलिग्रॅमच. गिस्सी-एचएफमध्ये वापरलेल्या एका गोळीत दोन्ही मिळून ८५० मिलिग्रॅमच्या वर होतं. ओमेगा-३ इंडेक्स ४ वरून ८ वर न्यायला रोज साधारण दीड ते दोन ग्रॅम ईपीए-डीएचए तीन-चार महिने लागतं. एका साध्या कॅप्सूलने रिपोर्ट का हलत नाही, ते यात आलं.

मग पाच-सहा कॅप्सूल घ्याव्यात का? स्वतःच्या मनाने अजिबात नाही. जास्त मात्रेत ओमेगा-३ घेणाऱ्यांत एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे ठोक्यांची अनियमितता, वाढलेली दिसली आहे. २०१८ च्या रिड्यूस-इट चाचणीत रोज ४ ग्रॅम शुद्ध ईपीएने अटॅक आणि पक्षाघात कमी झाले, पण या अनियमिततेमुळे दवाखान्यात भरती होण्याचं प्रमाण २.१ वरून ३.१ टक्क्यांवर गेलं. पुढे २०२० मध्ये ईपीए आणि डीएचए एकत्र देऊन केलेल्या दुसऱ्या मोठ्या चाचणीत फायदा दिसलाच नाही. अमेरिकेतल्या २०२२ च्या हार्ट फेल्युअर मार्गदर्शक तत्त्वांत ओमेगा-३ ला ‘जोडीला देता येईल’ इतपतच जागा आहे. आधी ठोका अनियमित झालेला असेल किंवा रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर ही गोष्ट हृदयरोगतज्ज्ञाच्या हातातच राहू द्या.

डॉक्टरांनी लिहून दिली तर जेवणाबरोबर घ्या, उपाशीपोटी नीट शोषली जात नाही. महिन्यातून एक कॅप्सूल कापून वास घ्या. माशाचा मंद वास ठीक, जुन्या रंगासारखा उग्र खवट वास आला तर डबी टाकून द्या. कॉड लिव्हर ऑइल ही वेगळी वस्तू आहे. त्यात अ जीवनसत्त्व बरंच असतं, मात्रा वाढवली तर ते साठतं.

पुन्हा तपासणी, आणि रोजची नोंद

ताट बदलल्यावर चार महिने थांबा. त्याआधी लाल पेशींचा आकडा खरं सांगत नाही. तीच लॅब, तीच पद्धत. आकडा हलला नसेल तर वही काढा: मासा तळलेला होता का, बांगड्याच्या नावाखाली कोळंबी आणि बोंबीलच जास्त खाल्ले गेले का, नमुना पोचायला उशीर झाला का? बहुतेक वेळा उत्तर यातच असतं.

हार्ट फेल्युअरच्या रुग्णाने रोज सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, तेवढ्याच कपड्यांत वजन करून लिहावं. तीन दिवसांत २ किलोपेक्षा जास्त वाढलं तर ती चरबी नसते, पाणी असतं. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा आणि आदल्या दोन दिवसांत काय खाल्लं तेही सांगा. नडगीवर अंगठा दाबून खळगा राहतो का, झोपताना किती उश्या लागल्या, हेही त्याच वहीत लिहा.

रात्री झोपेतून गुदमरून उठणं, गुलाबी फेसाळ कफ, ओठ निळसर पडणं, यांतलं काहीही झालं तर सकाळच्या एसटीची वाट पाहायची नाही. १०८ ला फोन करा. गाडी येईपर्यंत रुग्णाला आडवं करू नका, पाणी पाजू नका. खाटेच्या काठावर पाठीला उशा लावून, पाय खाली सोडून बसवा आणि त्याच्या गोळ्यांची पिशवी व ती वही सोबत घ्या.